संहत गंधकाम्ल हाताळताना: पाणी कुठे आहे ते आधी पाहा

अडीच लिटरची संहत, म्हणजे तीव्र, गंधकाम्लाची (सल्फ्युरिक अ‍ॅसिडची) बाटली पहिल्यांदा उचलणाऱ्याचा हात अंदाजापेक्षा खाली जातो. तेवढेच पाणी अडीच किलो भरते. इथे मात्र काचेचे वजन सोडून नुसते अ‍ॅसिडच ४.६ किलो असते, कारण ९८ टक्के गंधकाम्लाची घनता १.८४ आहे. बाटली हलवली तर आतला द्रव ग्लिसरिनसारखा जड आणि संथ हलतो. त्याला रंग नसतो आणि थंड असताना जाणवेल असा वासही नसतो. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची बाटली उघडताच धूर निघतो, नाकाला झोंबते आणि माणूस आपोआप मागे सरतो. गंधकाम्ल अशी कोणतीही पूर्वसूचना देत नाही. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलामुलींच्या हातात मी ही बाटली आधी झाकण बंद ठेवूनच देतो, म्हणजे काम सुरू करण्यापूर्वी निदान हे वजन तरी हाताच्या ओळखीचे होते.

दूध संघाची प्रयोगशाळा, साखर कारखान्याचा तपासणी विभाग, एमआयडीसीतले सांडपाणी प्रक्रिया केंद्र, माती परीक्षण केंद्र आणि महाविद्यालयाची रसायनशाळा, या सगळ्या ठिकाणी हे रसायन नेहमी लागते. ते हाताळण्याचे नियम बहुतेक ठिकाणी भिंतीवर लावलेले असतात, परंतु सुटे सुटे पाठ केलेले नियम ऐनवेळी आठवत नाहीत. या सर्व नियमांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. गंधकाम्लाला पाण्याची विलक्षण ओढ असते आणि पाण्याशी संयोग होताना ते प्रचंड उष्णता बाहेर टाकते. साखरेवर ओतले की साखर काळी पडून फुगते ती याच ओढीमुळे, आणि कातडीची जखम इतकी खोल जाते तीही याच ओढीमुळे, कारण अ‍ॅसिड कातडीतले पाणी खेचून घेते, तापते आणि दोन्ही अंगांनी भाजते. म्हणून झाकण उघडण्यापूर्वी आसपास पाणी कुठे आहे, किती आहे आणि ते अ‍ॅसिडला कोणत्या क्रमाने मिळणार आहे, याचा विचार झालेला असावा.

विरल द्रावण तयार करताना

पाण्यात अ‍ॅसिड घालावे, अ‍ॅसिडमध्ये पाणी घालू नये, हा नियम शाळेतच शिकवला जातो. त्याचे कारण मात्र अनेकदा सांगायचे राहून जाते. अ‍ॅसिड पाण्यापेक्षा जवळपास दुप्पट जड असल्यामुळे पाण्यात ओतल्यावर ते तळाकडे जाते, जाता जाता मिसळते आणि निर्माण झालेली उष्णता भोवतालचे भरपूर पाणी सामावून घेते. याउलट अ‍ॅसिडवर पाणी ओतले तर हलके पाणी वरच राहते, दोन्ही द्रव जिथे भेटतात तिथला पाण्याचा पातळ थर क्षणात उकळतो आणि त्याची वाफ अ‍ॅसिडचे थेंब घेऊन सरळ ओतणाऱ्याच्या तोंडाकडे येते. सारख्या आकारमानाचे पाणी आणि संहत अ‍ॅसिड एकत्र आले तर मिश्रणाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते, हे लक्षात घेतले म्हणजे घाई का करायची नाही ते वेगळे सांगावे लागत नाही.

समजा, आपल्याला साधारण १ नॉर्मल तीव्रतेचे एक लिटर द्रावण हवे आहे. त्यासाठी संहत अ‍ॅसिड सुमारे २८ मिलिलिटर लागते. बोरोसिलिकेट काचेच्या दोन लिटरच्या बीकरमध्ये ६०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे, बीकर थंड पाणी भरलेल्या पसरट ट्रेमध्ये ठेवावे आणि काचकांडीच्या आधाराने अ‍ॅसिडची बारीक धार सोडत सतत ढवळावे. ओतताना काचकांडीभोवती पाण्यात नागमोडी रेषा हलताना दिसतात, त्या तापलेल्या आणि न मिसळलेल्या द्रवाच्या असतात. त्या दिसेनाशा होईपर्यंत पुढची धार सोडू नये. द्रावण खोलीच्या तापमानाला आल्यावरच ते मापन चंबूत भरून खुणेपर्यंत पाणी घालावे. गरम असताना भरले तर धोका राहतोच, शिवाय थंड झाल्यावर माप कमी भरते आणि सगळे काम पुन्हा करावे लागते.

भांडे कोणते वापरावे, याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मोजपात्रात किंवा अभिकारकाच्या जाड बाटलीत द्रावण कधीही तयार करू नये, कारण जाड आणि साधी काच उष्णतेने असमान प्रसरण पावून तडकते आणि मग संपूर्ण द्रावण टेबलावरून मांडीवर येते. अ‍ॅसिड मोजण्याचे पात्र पूर्ण कोरडे असावे. नुकत्याच धुतलेल्या पात्राच्या तळाशी दोन-चार थेंब पाणी राहिलेले असते, त्यावर संहत अ‍ॅसिड पडताच चुर्र असा आवाज येतो आणि बारीक तुषार उडतात. तोंडाने पिपेट ओढण्याची पद्धत जिथे अजून शिल्लक असेल तिथे ती आजच बंद करावी आणि रबरी फुगा किंवा बाटलीवर बसणारा डिस्पेन्सर वापरावा. पात्रात उरलेले अ‍ॅसिड मूळ बाटलीत परत ओतू नये.

क्रम बदलावा लागतो तेव्हा

रोजच्या कामात अशा जागा येतात की जिथे हा नियम उलटा झालेला दिसतो, आणि माझ्या पाहण्यात अपघात अशाच जागी जास्त झाले आहेत. यांतली पहिली जागा आपल्या गावोगावच्या दूध संघांत आहे. दुधातला स्निग्धांश (फॅट) मोजण्याची गर्बर पद्धत स्वित्झर्लंडच्या निक्लाउस गर्बर यांनी १८९१ साली आणली. संकलन केंद्रांवर आता यंत्रे आली असली तरी फॅटवरून वाद झाला की निवाडा ब्युटायरोमीटरनेच, म्हणजे खुणा असलेल्या बुचाच्या काचनळीनेच, होतो. या पद्धतीत ब्युटायरोमीटरमध्ये आधी १० मिलिलिटर गंधकाम्ल घेतात, त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध आणि शेवटी १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालतात. दुधात बहुतांश पाणीच असते, म्हणजे इथे आपण अ‍ॅसिडवर पाणी घालत असतो. तरीही ते उसळत नाही, याचे कारण दूध नळीच्या आतल्या भिंतीवरून इतके सावकाश सोडायचे असते की ते अ‍ॅसिडवर वेगळा थर धरून बसते आणि दोघांच्या मधे तपकिरी कडा तेवढी उमटते. पिपेट सरळ मधोमध धरून दूध सोडले की हा थर मोडतो आणि अ‍ॅसिड उसळून मानेतून वर येते.

खरी उष्णता बूच बसवून नळी हलवली की सुटते. त्या वेळी नळी हातात धरवत नाही इतकी तापते आणि आतला दाब बुचाला बाहेर ढकलत असतो. म्हणून नळीची मान आतून कोरडी राहिली पाहिजे. अ‍ॅसिडने ओली झालेली मान रबरी बूच धरून ठेवत नाही. नळी जाड कापडात गुंडाळून किंवा संरक्षक स्टँडमध्ये ठेवून, बूच दाबून धरून आणि तोंड स्वतःपासून व शेजाऱ्यापासून दूर करून हलवावी. दह्यासारखे कण पूर्ण विरघळेपर्यंत हलवणे आवश्यक आहे, पण हात भाजतो म्हणून मधेच नळी टेबलावर आडवी टाकू नये. सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोर सारख्या वजनाच्या नळ्या ठेवाव्यात आणि चाक पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नये. या पद्धतीला ९० ते ९१ टक्के तीव्रतेचे अ‍ॅसिड लागते, ते विकत तयार मिळते आणि तयारच घ्यावे असे मी आग्रहाने सांगतो. एक लिटर गर्बर अ‍ॅसिड घरी बनवायचे तर सुमारे १४० मिलिलिटर पाण्यात ९०० मिलिलिटरहून अधिक संहत अ‍ॅसिड घालावे लागते. इतक्या थोड्या पाण्यात ते ओतताना ‘पाण्यात अ‍ॅसिड’ हा नियम पाळूनही द्रव उकळण्यापर्यंत तापू शकतो.

दुसरी जागा नायट्रोजन मोजण्याच्या केल्डाल पद्धतीतली आहे. नमुना अ‍ॅसिडमध्ये ३७० अंशांच्या आसपास तापवून विरघळवला की पुढच्या पायरीसाठी त्यात पाणी घालावेच लागते आणि फ्लास्कमध्ये तर संहत अ‍ॅसिड शिल्लक असते. इथे एकमेव संरक्षण म्हणजे वेळ. फ्लास्क हाताला थंड लागेपर्यंत थांबावे, मग फ्यूम हूडमध्ये (धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात) काच खाली ओढून भिंतीवरून थोडे थोडे पाणी सोडावे आणि प्रत्येक वेळी फ्लास्क फिरवावा. कामाची पाळी संपत आली म्हणून गरम फ्लास्कमध्ये पाणी ओतण्याचा मोह होतो. त्या दिवशी निकाल उद्यावर ढकललेला परवडतो.

सांडपाण्याच्या सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) चाचणीतही हीच काळजी लागते. २० मिलिलिटर नमुना आणि १० मिलिलिटर डायक्रोमेट यांत सिल्व्हर सल्फेट मिसळलेले ३० मिलिलिटर गंधकाम्ल घालताना फ्लास्क सतत फिरवत राहावे आणि सर्व काही एकजीव झाल्यावरच हीटर सुरू करावा. तळाशी अ‍ॅसिडचा थर तसाच राहिला आणि खालून उष्णता मिळाली तर फ्लास्कमधला द्रव कंडेन्सरच्या उघड्या तोंडातून छतापर्यंत उडतो.

अंगावर काय असावे

डोळ्यांना सर्व बाजूंनी बंद होणारा गॉगल हवा, नुसता चष्मा पुरत नाही. आणि मोठ्या बाटलीतून ओतताना गॉगलवर चेहऱ्याची ढालही हवी. दवाखान्यात वापरतात ते पातळ नायट्राइल हातमोजे संहत गंधकाम्लापुढे फार थोडा वेळ तग धरतात, तेव्हा निओप्रीन किंवा ब्युटाइल रबराचे मनगटाच्या वरपर्यंत येणारे हातमोजे घ्यावेत. सुती अ‍ॅप्रनवर पडलेला बारीक थेंब त्या वेळी दिसतही नाही, पण कपडा धुतल्यावर तिथे भोक पडलेले आढळते. म्हणून ओतण्याच्या कामासाठी वरून पीव्हीसीचा अ‍ॅप्रन बांधावा. पॅन्ट किंवा सलवार बुटांच्या बाहेर असावी, आत खोचलेली नसावी, नाहीतर ओघळ सरळ बुटात जातो. चप्पल घालून या कामाला कोणीही उभे राहू नये. पदर आणि ओढणी अ‍ॅप्रनच्या आत घट्ट बांधावी.

तापवलेल्या अ‍ॅसिडचे पांढरे धूर ही वेगळी बाब आहे, कारण त्यात अ‍ॅसिडचे सूक्ष्म तुषार असतात. अशा तीव्र अ‍ॅसिडच्या तुषारांशी कामाच्या जागी येणारा संपर्क कर्करोगाला कारण ठरतो, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ साली काढला आणि त्यात स्वरयंत्राच्या कर्करोगाचा विशेष उल्लेख केला. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत हवेतील गंधकाम्लाची मर्यादा प्रति घनमीटर १ मिलिग्रॅम दिली होती. कापडी मास्क या तुषारांना अडवत नाही. तापवण्याचे काम चालू फ्यूम हूडमध्येच करावे आणि हूड खरोखर हवा ओढतो का, ते काचेपाशी कागदाची पट्टी धरून रोज पाहावे.

ठेवण्याची जागा

बाटली डोळ्यांच्या उंचीच्या खाली, शक्यतो सर्वांत खालच्या फळीवर, अ‍ॅसिडला टिकणाऱ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवावी आणि त्या ट्रेत बाटलीतले सगळे अ‍ॅसिड मावेल एवढी जागा असावी. सिंकच्या खालचे कपाट रिकामे दिसते म्हणून तिथे अ‍ॅसिड ठेवलेले मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. नळ गळणारी तीच जागा असते. झाकण सैल राहिले तर गंधकाम्ल हवेतली आर्द्रता ओढून घेते, त्याची तीव्रता उतरते आणि कोकणासारख्या दमट हवेत तर बाटलीतली पातळीही वाढते.

शेजारी काय ठेवू नये, हे त्याहून महत्त्वाचे आहे. पोटॅशियम परमँगनेटशी संहत अ‍ॅसिडचा संयोग झाला तर स्फोटक पदार्थ तयार होतो, आणि क्लोरेटशी झाला तरी तेच. सायनाइड आणि सल्फाइड यांच्यापासून प्राणघातक वायू सुटतात, ब्लीचिंग पावडरपासून क्लोरीन निघतो. अ‍ॅसिटोन आणि अल्कोहोलसारखी द्रावके, धातूंची भुकटी आणि कॉस्टिक सोडा यांनाही वेगळे कपाट द्यावे. विरल झालेले अ‍ॅसिड लोखंडावर किंवा जस्तावर पडले तर हायड्रोजन सुटतो आणि तो बंद जागेत साठून पेट घेऊ शकतो.

बाटली मानेला किंवा झाकणाला धरून नेऊ नये. रबरी किंवा प्लास्टिकच्या बादलीत उभी ठेवून न्यावी. रोजच्या वापरासाठी लहान बाटलीत काढून ठेवलेल्या अ‍ॅसिडवर नाव, तीव्रता आणि तारीख लिहिलेली असलीच पाहिजे, आणि पिण्याच्या पाण्याची किंवा सरबताची बाटली या कामी एका मिनिटासाठीही वापरू नये. हा द्रव दिसायला ग्लिसरिनसारखा आणि पाण्यासारखा असल्याने तहानलेल्या माणसाला फरक कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिलेल्या आदेशानुसार अ‍ॅसिड बाळगणाऱ्या शैक्षणिक संस्था, संशोधन प्रयोगशाळा आणि रुग्णालये यांनी वापराची नोंदवही ठेवणे आणि त्यासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमणे बंधनकारक आहे. ही नोंदवही मनापासून भरावी, कारण इथून बाहेर गेलेली एक लहान बाटली कोणाच्या चेहऱ्यावर फेकली जाऊ शकते, हे आपल्या समाजाने पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

सांडले तर

सांडलेल्या संहत अ‍ॅसिडवर पाणी ओतू नये. भुसा, वर्तमानपत्र किंवा फडके टाकू नये, ते करपतात आणि पेटूही शकतात. प्रथम आसपासच्या माणसांना दूर करावे, हातमोजे आणि गॉगल घालावा, मग कोरड्या वाळूने बाहेरून कडे करावे आणि कडेकडून आत खाण्याचा सोडा किंवा धुण्याचा सोडा हळूहळू पसरावा. सोडा मधोमध एकदम टाकला तर फेस उसळून तुषार उडतात. फसफस थांबली, पीएच पट्टीचा रंग उदासीनाच्या आसपास आला, की लगदा प्लास्टिकच्या खोऱ्याने उचलावा आणि त्यानंतरच फरशी भरपूर पाण्याने धुवावी.

सोडा किती हवा याचा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहावा. १०० मिलिलिटर संहत अ‍ॅसिड पूर्ण उदासीन करण्यासाठी सुमारे ३१० ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, म्हणजे भरलेली अडीच लिटरची बाटली फुटली तर पावणेआठ किलो. कपाटावर ठेवलेले अर्ध्या किलोचे पाकीट जेमतेम एका कपाला पुरते. म्हणून सोड्याची आणि कोरड्या वाळूची झाकणाची बादली अ‍ॅसिडच्या कपाटापासून चार पावलांवर असावी, आणि मोठी बाटली फुटली तर एकट्याने शौर्य न दाखवता खोली रिकामी करून १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे.

अंगावर किंवा डोळ्यांत गेले तर

इथे पाण्याची भूमिका पूर्ण बदलते. थोडे पाणी अ‍ॅसिडला तापवते, पण धो धो वाहणारे पाणी उष्णताही नेते आणि अ‍ॅसिडही नेते. म्हणून ओल्या रुमालाने पुसत बसू नये, त्या क्षणी शॉवरखाली किंवा नळाखाली जावे आणि पाणी चालू असतानाच कपडे, घड्याळ, अंगठ्या उतरवाव्यात. डोक्यावरून काढायचा कपडा ओढून काढू नये, कात्रीने कापावा, नाहीतर अ‍ॅसिड चेहऱ्याला लागते. घड्याळ लावून निदान १५ ते २० मिनिटे धुवावे. पाच मिनिटांनंतर आग कमी झाल्यासारखी वाटते आणि माणूस थांबतो, तिथेच चूक होते. डोळ्यांत गेले असेल तर पापण्या आपोआप घट्ट मिटतात, तेव्हा सहकाऱ्याने त्या बोटांनी उघड्या धरून नाकाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला पाणी वाहू द्यावे आणि जखमीला बुबुळे फिरवायला सांगावे. एकच डोळा बाधित असेल तर तो खाली करावा, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही.

कातडीवर सोडा, हळद, टूथपेस्ट, तूप, कोरफड यांपैकी काहीही लावू नये. पोटात गेले असेल तर तोंड पाण्याने चुळा भरून स्वच्छ करावे, उलटी करवू नये आणि सोड्याचे पाणी पाजू नये. धुणे चालू असतानाच दुसऱ्याने १०८ ला फोन करावा आणि बाटलीवरील लेबलचे छायाचित्र किंवा सुरक्षा पत्रक रुग्णासोबत द्यावे.

आय वॉश (डोळे धुण्याचा फवारा) आणि शॉवर कामाच्या जागेपासून दहा सेकंदांत गाठता यायला हवेत आणि आठवड्यातून एकदा सुरू करून पाहायला हवेत. आपल्याकडे आणखी एक अडचण असते, तिच्याकडे लक्ष द्यावे: ही नळजोडणी बहुधा गच्चीवरच्या टाकीतून आलेली असते. मे महिन्यात जळगाव, अकोला किंवा चंद्रपूरला दुपारी त्या नळातून हात धरवत नाही असे पाणी येते, आणि भाजलेल्या डोळ्यावर असे पाणी धरवत नाही म्हणून माणूस बाजूला होतो. टाकीवर सावली करावी, उघडी नळी उन्हातून नेऊ नये, आणि पाणीकपातीच्या दिवसांत प्रयोगशाळेच्या आत स्वच्छ पाण्याचे झाकलेले पिंप व मोठा मग ठेवावा.

उरलेले अ‍ॅसिड आणि रिकामी बाटली

वापरून झालेले गर्बर मिश्रण निरुपद्रवी झाले, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. प्रत्यक्षात त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग गंधकाम्लच असतो. ब्युटायरोमीटर रिकामे करताना ते झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात ओतावे, थंड झाल्यावर हूडमध्ये किंवा मोकळ्या हवेत भरपूर पाण्यात थोडे थोडे सोडावे, आणि चुन्याने किंवा सोड्याने उदासीन करून मगच सांडपाणी प्रक्रियेकडे पाठवावे. सीओडीचे मिश्रण मात्र यात कधीही मिसळू नये, कारण त्यात पारा, चांदी आणि क्रोमियम असते. ते वेगळ्या बंद डब्यात साठवून तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी येथील घातक कचरा प्रक्रिया केंद्राकडे नियमानुसार द्यावे लागते.

बाटली रिकामी दिसली तरी तळाशी आणि मानेच्या वळणात काही मिलिलिटर अ‍ॅसिड चिकटून राहिलेले असते. त्या बाटलीत नळाचे पाणी सोडणे म्हणजे पुन्हा अ‍ॅसिडवर पाणी ओतणेच होय. ती बादलीभर पाण्यावर उलटी धरून पूर्ण निथळू द्यावी, मग आडवी करून भरलेल्या पाण्यात सावकाश बुडवावी, तीन वेळा धुवावी, लेबल खरवडून काढावे आणि काच फोडण्यासाठी द्यावी. धुतलेली बाटली फिनेल किंवा रॉकेल भरायला कोणी मागितली तरी देऊ नये.